जाळ्यात आला तरच मासा

१२ मार्च, सकाळी

नदीवरचा बर्फ गेला! पुलाखालून पाण्याचा आवाज येऊ लागला. यंदा ट्राउट मासा धरायचा. धरायचा म्हणजे धरायचाच.

संकल्प केले. रोज अंगणात अर्धा तास गळाचा दोर फेकण्याचा सराव. गळाला लावायच्या बनावट माश्या स्वतःच्या हाताने बांधायच्या, विकतच्या नाहीत. माशाने तोंड लावलं की घाईघाईने रॉड उपसायचा नाही, मनात सावकाश तीन म्हणायचे. मार्लिसला वाचून दाखवले. ती पांघरुणातूनच म्हणाली, सहा वर्षं हेच ऐकतेय, ड्वाइट, एखादा नवा तरी कर. बायकोने असं नाउमेद करू नये.

यंदा गोष्ट वेगळी आहे. सासरेबुवांचा खांदा हिवाळ्यात गेला. हॅल्वर म्हणजे बिटररूट नदीच्या खोऱ्यातला जुना माणूस. तरुणपणी स्वतःच्या हाताने देवदाराची होडी बांधली आणि जन्मभर तीच वल्हवली. आता डॉक्टरने वल्ह्याला हात लावू नका असं बजावलंय. काल जेवताना त्यांनी जाहीर केलं की नदी गढूळ व्हायच्या आत होडी कुणाला द्यायची ते ठरवणार. म्हणजे फार तर मेच्या मध्यापर्यंत. मग डोंगरावरचा बर्फ वितळून नदी कॉफीसारखी होते आणि पुढे कित्येक आठवडे कुणी गळ टाकत नाही.

जावई एकच, मी. तरी जिवाला घोर आहे, कारण लेलँडचा होडीवर डोळा आहे. गावात मासेमारीच्या सामानाचं दुकान त्याचं. त्याला ती होडी दुकानाच्या छताला टांगायची आहे, शोभेला! हॅल्वरच्या होडीची अशी दशा होऊ द्यायची नाही. पण ज्याला मासा धरता येत नाही त्याला होडी कोण देईल? तेव्हा मासा हवा. नदी गढूळ व्हायच्या आत हवा.

मोबाइलवर नदीची पातळी बघितली. ठीक आहे.

१२ मार्च, अर्ध्या तासाने

पुन्हा बघितली. तेवढीच आहे.

१५ मार्च

माश्या बांधल्या. या दिवसांत दगडांखालून काळपट हिरवे किडे रांगत काठावर येतात, त्यातले काही पाण्यात पडतात, आणि हिवाळाभर उपाशी असलेला ट्राउट त्यांच्यावर तुटून पडतो. तसाच किडा गळावर बांधायचा. मी शिकवणीच्या गाडीतली जुनी रबरी चटई कापून बांधला. हुबेहूब.

लेलँडला दाखवायला नेला. त्याने तो चिमटीत धरून उजेडात बघितला आणि म्हणाला, "मास्तर, ही माशी आहे की कुणाच्या बुटाचा तळ?" शेगडीपाशी बसलेले दोघे खो खो हसले. त्यातल्या एकाला मी ओळखतो. त्याला गाडी मीच शिकवली. समांतर पार्किंगमध्ये तीनदा नापास झाला होता.

हसा म्हणावं.

२२ मार्च

पहिली फेरी. मी पुढच्या सीटवर, मार्लिस मधे वल्ह्यांवर, सासरेबुवा मागे घोंगडी पांघरून, मांडीवर हातजाळी घेऊन.

या होडीत एकच नियम चालतो आणि तो होडीइतकाच जुना आहे. पुढे बसलेल्याने गळ टाकायचा. मासा जाळ्यात आला की त्याने उठून वल्ही घ्यायची आणि वल्हवणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं. मासा दिसला, लागला, ओढला, सुटला, यातलं काही धरत नाहीत. हॅल्वर म्हणतात, "जाळ्यात आला तर मासा, नाही तर गप्पा." या नियमाचा मी फार आदर करतो. सहा वर्षांत एकदाही मोडलेला नाही. मासा जाळ्यात येईना, म्हणून मी पुढची सीट सोडली नाही.

आजही सोडली नाही. गळ दोनदा विलोच्या फांदीत, एकदा वल्ह्यात. एका वळणावर मार्लिस हळूच म्हणाली, "त्या ओंडक्याच्या सावलीत टाक. डावीकडे. अजून थोडं." मी तिला सांगितलं की एका होडीला दोन कप्तान चालत नाहीत. त्याच वेळी त्या सावलीत एका ट्राउटने खराखुरा किडा गिळला. योगायोग.

घरी आल्यावर तिने हाताचे तळवे दाखवले. फोड आले होते. मी हातमोजे वापरायला सुचवले. साध्या गोष्टी असतात, पण सुचाव्या लागतात.

२३ मार्च

काल मासा का आला नाही याचा शांतपणे विचार केला. ऊन फार होतं. शिवाय मार्लिसच्या वल्हवण्याने होडी हलते. तिला सांगितलं नाही. योग्य वेळी सांगेन.

पातळी: दोन बोटं वर. मग कळलं की भलत्याच नदीचा आकडा बघत होतो.

२९ मार्च

कारण सापडलं!

दुपारी जेवणाचा डबा उघडला तर आत केळं. होडीत केळं! या खोऱ्यात शेंबडं पोरही सांगेल की केळं असलेल्या होडीला मासा शिवत नाही. मी मार्लिसला विचारलं, हे कधीपासून चाललंय? ती म्हणाली, बाबांना डॉक्टरने रोज एक खायला सांगितलंय. सासरेबुवांनी ते सोलून माझ्यासमोर खाल्लं आणि साल माझ्या टोपीत ठेवली. "जावईबापू, सहा वर्षांपूर्वी मला केळं चालू नव्हतं," म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये. पण मार्चचा अख्खा महिना केळ्याच्या खाती गेला, हे इथे लिहून ठेवतो.

३ एप्रिल

घरात बसवत नाही, गाडीत बसवत नाही. सध्या सगळ्या शिकवण्या नदीकाठच्या रस्त्याने घेतो. मिसेस कोल्स्टाड, वय सत्तर, नवरा गेल्यावर गाडी शिकताहेत. आज तिसऱ्या पुलावर मी त्यांना थांबायला सांगितलं, खाली उतरलो आणि कठड्यावरून पाणी बघत राहिलो. मागे चार गाड्या भोंगे वाजवत होत्या. मिसेस कोल्स्टाड खिडकीतून म्हणाल्या, "मास्तर, पुलावर थांबायचं नसतं असं तुम्हीच पहिल्या धड्यात शिकवलंत ना?" मी म्हटलं, आणीबाणीत थांबतात. त्या म्हणाल्या, कसली आणीबाणी? मी म्हटलं, पाणी अजून स्वच्छ आहे.

त्यांनी काच वर केली.

रात्री झोपेत मी रॉड उपसला म्हणे. मार्लिसला कोपर लागलं.

९ एप्रिल

लेलँडच्या दुकानात दोर घ्यायला गेलो. तो शेगडीपाशी बसलेल्यांना होडीबद्दलच सांगत होता. छताचं माप घेतलंय, साखळ्या मागवल्यात, खाली दिवे लावणार! माझं डोकं फिरलं. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काय मास्तर, उघडलं का खातं?"

मी म्हटलं, उघडलं. काल. वीस इंची. गळ्याखाली ही एवढी लाल रेघ.

फार बरं वाटलं. खोटं म्हणता येणार नाही. असा मासा या नदीत आहेच आणि तो मी धरणारच आहे. तारीख तेवढी मागेपुढे झाली.

१० एप्रिल

गावात गोष्ट दडत नाही. मार्लिस दूध आणायला गेली आणि माझा मासा घेऊन आली. दारातच म्हणाली, "वीस इंची म्हणे?" मी म्हटलं, काठावरून धरला, एकट्याने. "वा," ती म्हणाली, "मग नियमाप्रमाणे पुढच्या फेरीला वल्ही तुझी." मी म्हटलं, नियम होडीतल्या माशाला आहे, काठावरच्या नाही. हॅल्वर आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "काठावरचा मोजायचा नसेल तर राहू दे. पण ज्याला होडी हवी त्याला वल्हवता तरी यायला नको?"

हो म्हणालो. गाडी शिकवतो मी. होडी ती काय अवघड?

१२ एप्रिल

अवघड नाही. उलटी आहे.

सासरेबुवांनी समजावलं: वल्हवणाऱ्याने प्रवाह जातो तिकडे तोंड करून बसायचं. खडक आला, बांध आला, जे काही भीतीचं समोर येईल त्याच्याकडे होडीचं नाक करायचं आणि मागे ओढायचं. नाक रोखून धरलं की होडी आपोआप बाजूला सरकते. हे कुठल्या शहाण्याला पटेल? बावीस वर्षं मी लोकांना शिकवतोय की जिकडे जायचं तिकडे बघा, गाडी तिकडेच जाते. मी मोकळ्या पाण्याकडे नाक केलं. होडी आडवी झाली, विलोच्या झाडात घुसली आणि वाळूत रुतली. मार्लिस कमरेएवढ्या पाण्यात उतरली, बर्फाच्या पाण्यात, आणि ढकलून होडी बाहेर काढली. तिचे दात वाजत होते. मी तिला घोंगडी देणार होतो, पण ती सासरेबुवांनी आधीच दिली.

"जावईबापू, नदीला ब्रेक नसतो," एवढंच ते म्हणाले.

माझी करंगळी दुखावली. विचारांती निर्णय घेतला की वल्हवणं हा माझा प्रांत नाही. देवाने प्रत्येकाला एक जागा नेमून दिलेली असते. माझी पुढची आहे.

१८ एप्रिल

हिमवृष्टी. वारा. नदीवर जाणं नाही. दिवसभर घरात येरझाऱ्या. मार्लिस म्हणाली, बस ना जरा, गालिचा झिजेल.

रात्री सासऱ्यांकडे जेवायला. हरणाचे सॉसेज, बटाटे. जेवणानंतर हॅल्वरना बोलायची लहर आली. मार्लिस नऊ वर्षांची असल्यापासून होडीत पुढे बसायची म्हणे. ते वल्हवायचे, ती गळ टाकायची. ती दोर फेकायला लागली की पुलावरून जाणारे लोक गाड्या थांबवायचे. लग्नानंतरही दर वसंतात बाप-लेक नदीवर असायचे. हे मला ऐकून माहीत होतं, पण इतकं नव्हतं. मी विचारलं, मग बंद का केलंस?

मार्लिस उठून भांडी विसळायला गेली. पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता.

कंटाळा आला असेल. सगळ्यांनाच येतो. मला मात्र सहा वर्षांपूर्वी मासेमारीचं वेड लागलं आणि अजून कंटाळा म्हणून नाही. हा फरक असतो.

२५ एप्रिल

लागला. सुटला. दोर तुटला असावा. थकलो आहे. उद्या लिहीन.

२६ एप्रिल

दोर तुटला नव्हता. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा नीट लिहितो.

काल दुपारी आभाळ भरून आलं आणि पाण्यावर तपकिरी पतंगकिडे उतरले, शेकड्यांनी. ट्राउट वर येऊन ते टिपत होते. नदीभर वर्तुळं. मार्लिसने होडी अशी अलगद धरली होती की जणू नांगर टाकलाय. म्हणाली, "काठाच्या फेसात टाक." एवढ्या वेळा सांगितलंय की सूचना करू नकोस. पण मला तिथेच टाकायचा होता, म्हणून टाकला. मनात तीन म्हणायच्या आत रॉड वाकला.

काय मासा होता! एकदा उसळी मारून पाण्याबाहेर आला, गळ्याखाली लाल रेघ, थेट मी लेलँडला सांगितला होता तसा. सासरेबुवा घोंगडी टाकून अर्धे उठले, हातजाळी पुढे करून. मार्लिस ओरडली, "टोक वर ठेव, टोक वर! आलाच बघ!" तिला एवढ्या आनंदात मी कधी बघितलं नव्हतं. मासा दमला. आडवा झाला. जाळीपासून हातभर राहिला.

आणि त्याच वेळी मला पाटाच्या बांधाचा आवाज ऐकू आला.

पुढच्या वळणानंतर पाटासाठी दगडांचा बांध घातलाय. त्याला उजव्या हाताला होडीपुरती एक फट आहे. दर वर्षी कुणाची तरी होडी त्या दगडांवर फुटते. मासा जाळ्यात आला की नियमाप्रमाणे मी वल्ह्यांवर. म्हणजे बांध मला ओलांडावा लागणार. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. हाताने ठरवलं. दोरावरचं बोट जरा सैल झालं. माशाने डोकं झटकलं आणि गेला.

"सुटला," मी म्हणालो.

मार्लिसने होडीचं नाक बांधाकडे केलं आणि आम्ही फटीतून पलीकडे आलो, पाण्याचा थेंबही आत न येता.

पण मी म्हणतो, सुटलेला मासा तरी केवढा मोठा होता! आणि बोट सैल झालं ते कुणी बघितलं नाही. माझी सगळ्यांकडे पाठ होती.

२७ एप्रिल

सकाळी मार्लिसने विचारलं, "वल्हवणाऱ्याचं तोंड पुढे असतं, माहीत आहे ना तुला?" मी म्हटलं, माहीत आहे, बाबांनी शिकवलंय. तिने मान डोलावली आणि टोस्टला लोणी लावत बसली. एकाच टोस्टला, बराच वेळ.

काय म्हणायचं होतं कोण जाणे.

३० एप्रिल

मोठी बातमी! शिकवणीवरून परत येताना सासऱ्यांकडे डोकावलो. होडी शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवलेली. हॅल्वर म्हणाले, बरं झालं आलास, वल्ह्यांच्या बाकावर बस आणि पाय लांब कर. त्यांनी टेप काढून माझ्या पायाचं माप घेतलं. वल्हवताना पाय रेटायला जी आडवी फळी असते ती माझ्या मापाने पुढे सरकवणार आहेत. माझे पाय लांब आहेत, मार्लिसचे आखूड.

माझ्या मापाची फळी! आता काय राहिलं? ज्याच्या पायाचं माप त्याची होडी.

घरी येऊन मार्लिसला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, माझ्या गुडघ्याचंही घेतलं. गुडघ्याचं का, ते मी विचारलं नाही. पुढच्या सीटसमोर उभं राहताना गुडघे टेकायला खाच असते, तिची दुरुस्ती असेल. म्हातारे सगळंच दुरुस्त करत बसतात.

५ मे

लेलँड हात हलवत परत गेला! साखळ्या घेऊन हॅल्वरकडे आला होता. मी शेडमध्येच होतो. हॅल्वर पॉलिश करत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "लेलँड, होडी घरातच राहणार." लेलँडचं तोंड बघण्यासारखं झालं. जाताना मला म्हणाला, "अभिनंदन मास्तर. तुमची सीट पक्की झाली."

शत्रूनेही मान्य केलं. फार मोठ्या मनाने मी त्याचा हात हातात घेतला.

होडी स्वीकारताना चार शब्द बोलावे लागतील. तयार केलेत. सुरुवात नदीपासून, मग हॅल्वरचे हात, मग परंपरा, मग मी. आरशासमोर म्हणून बघितले. परंपरेपाशी मीच टाळ्या वाजवल्या.

पातळी चढते आहे. डोंगरावर ऊन कडक पडतंय. देवा, चार दिवस स्वच्छ ठेव!

८ मे

उद्या शेवटची फेरी. पाणी अजून टिकलंय. हॅल्वर म्हणाले, उद्याच होडी देऊन टाकतो, पाण्यावरच. भाषण खिशात ठेवलं. रबराच्या पाच माश्या बांधल्या. झोप येत नाही. मार्लिसही जागी आहे, तिने तिचा जुना रॉड काढून पुसलाय. बरी आठवण झाली म्हणालो, माझा मोडला तर उपयोगी पडेल.

९ मे

हाताला फोड आहेत, पेन नीट धरवत नाही. तरी लिहितो.

सकाळी धक्क्यावर होडी पाण्यात सोडली. मी सवयीने पुढे चढलो. हॅल्वर म्हणाले, "तिथे नाही, जावईबापू. फळी तुझ्या मापाची केलीय ना? बस तिथे." मी वल्ह्यांवर बसलो. पाय फळीला बरोब्बर टेकले. मार्लिस पुढे गेली, गुडघे खाचेत टेकवून उभी राहिली. तेही बरोब्बर.

मग हॅल्वर मागून बोलले. फार काही नाही. "मार्लिस, होडी तुझी. सहा वर्षं उशीर झाला माझ्याकडून, जावयाला कसं उठवायचं म्हणून गप्प बसलो. ती चूक माझी. आता बघू दे मला, खांद्यासारखे डोळे जायच्या आत."

मार्लिस वळली नाही. मी खिशातल्या भाषणाला हात लावला आणि तसंच राहू दिलं. त्यात तिचं नाव कुठे नव्हतं.

मग तिने दोर फेकला.

मी असं कधी बघितलं नव्हतं. बघणार कसा? आम्ही दोघं होडीत असलो की मी पुढे तोंड करून असायचो आणि ती माझी पाठ बघत बसायची. आज तिची पाठ मला दिसली. दोर तिच्या डोक्यावरून मागे गेला, पुढे आला, ओंडक्याच्या सावलीत उतरला, पाण्याला कळलंही नाही. लगेच मासा लागला. मोठा. मला मनापासून आनंद झाला. तिच्यासाठी झालाच. शिवाय नियम आठवला. मासा जाळ्यात आला की वल्ही तिची, सीट माझी. मी जोरात म्हणालो, शाब्बास!

मासा जाळीपासून हातभर आला. मार्लिसचं दोरावरचं बोट सैल झालं.

"अरेरे," ती म्हणाली, "सुटला."

मी बघितलं. वल्हवणाऱ्याला सगळं दिसतं. तेच बोट, तसंच सैल. मागे हॅल्वरना हसू फुटलं ते खोकल्यावर गेलं. म्हणाले, "जाळ्यात आला तर मासा, जावईबापू. नाही तर गप्पा. वल्हव."

पुढच्या वळणावर दुसरा लागला. "अरेरे, सुटला." कड्याखाली तिसरा, थेट वीस इंची, गळ्याखाली लाल रेघ. "अरेरे." मग मी मोजणं सोडलं. प्रत्येक वेळी ती मागे वळून माझ्याकडे बघायची आणि इतकी गोड हसायची की मी निमूट वल्ही ओढायचो.

बांध आला. मी म्हटलं, मार्लिस, इथे तू घे. ती म्हणाली, "मासा कुठे आलाय जाळ्यात? नियम नियम असतो." मला भीती वाटली. फार वाटली. कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. हॅल्वर मागून शांतपणे म्हणाले, "नाक कर त्याच्याकडे. आता मागे ओढ. बघत राहा त्याच्याकडे." मी नाक केलं. दगडांकडे बघत मागे ओढत राहिलो. होडी डावीकडे एकदा खरवडली, एक बादलीभर पाणी माझ्या मांडीत आलं, आणि आम्ही पलीकडे होतो.

"जमलं की रे!" मार्लिस म्हणाली. मला उगीच रडू आल्यासारखं झालं. पाण्यामुळे कुणाला कळलं नाही.

त्यानंतर अजून आठ मैल होते.

पुलावर एक गाडी थांबलेली दिसली. कठड्याला टेकून मिसेस कोल्स्टाड बघत होत्या. मी हाक मारून सांगितलं की पुलावर थांबू नका. त्या ओरडल्या, "आणीबाणी आहे, मास्तर! तुमच्या बायकोला बघतेय!"

संध्याकाळी घरी आल्यावर मार्लिसला तळवे दाखवले. तिने ते हातात घेऊन नीट बघितले, फुंकर घातली, आणि हातमोजे वापरायला सुचवले. उद्या पहाटे पुन्हा जायचं म्हणते. परवाही. पाणी स्वच्छ आहे तोवर रोज.

मोबाइलवर पातळी बघितली. तेवढीच आहे.

पुन्हा बघितली. डोंगरावर कडक ऊन पडू दे म्हणावं. गढूळ हो गं बाई, हो एकदाची.